पूर्वेचा बोअर

तापीदर्शन सोसायटीतून तापी दिसत नसे. पाण्याच्या टाकीवर चढून पाहिलं तरी दिसत नसे. जळगाव जिथे संपतं आणि कपाशीची शेतं सुरू होतात, तिथे छत्तीस प्लॉट पाडून कुणीतरी हौसेने हे नाव देऊन टाकलं होतं. नाव द्यायला काय जातं? राहणारे बहुतेक बँकेतले, कचेरीतले, शाळेतले. सकाळी इस्त्रीचे शर्ट घालून सायकली-स्कूटरींवरून निघत आणि संध्याकाळी, फार तर थोडे चुरगळून, परत येत. सतरा नंबरचा जीवराम वाघुळदे मात्र परत यायचा तो केसांपासून टाचेपर्यंत राखी चिखलाने माखून.

जीवराम विहिरीत आडवे बोअर मारायचा. यावल-रावेरच्या केळीवाल्यांना हा धंदा समजावून सांगावा लागत नाही, इतरांसाठी सांगतो. विहीर आटली की तिच्या तळाशी दोराने मशीन उतरवायची, भिंतीला पाचरी ठोकून घट्ट बसवायची आणि एकापुढे एक लोखंडी गज जोडत खडकात शंभर-सव्वाशे फूट आडवं भोक पाडत न्यायचं. वाटेत पाण्याची शीर लागली तर विहीर जिवंत होते. नाही लागली तर दिशा बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून. धंद्याचा रिवाजही सरळ आहे. पाणी लागलं तर पैसे, नाही तर चहा पिऊन घरी जा.

या कामात जीवरामच्या डाव्या हाताची दोन बोटं चेपून वाकडी झाली होती. भोकातून येणारा चिखल तो उजव्या हाताच्या बोटांत चोळून बघे आणि पुढे दहा फुटांवर काय असेल ते सांगे. बहुतेक वेळा बरोबर सांगे. पण सोसायटीत या विद्येचं कौतुक कुणाला? तिथे तो 'बोअरवाला' होता, तेही पाठीमागे. समोर होत्या त्या तक्रारी. मशीन रस्त्यात उभी असते, चिखल सांडतो, ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या आवाजाने पेपर वाचता येत नाही. दोन वर्षांपूर्वी तो कमिटीत निवडून आला, तोही त्या जागेला दुसरं कुणी उभं राहिलं नाही म्हणून. नऊ जणांच्या कमिटीत तो शेवटच्या खुर्चीवर बसायचा आणि बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरायचा. हे त्याला लागत असे. बोलून दाखवत नसे, पण लागत असे.

ब्याण्णव सालच्या मे महिन्यात सोसायटीची विहीर आटली. नगरपालिकेचा नळ अजून त्या बाजूला आलेला नव्हता. टँकर आठवड्यातून दोनदा येई आणि त्यावर होणारी भांडणं रोज होत. उरला एकच आधार, पितांबरभाऊंचा हापसा.

पितांबर सुरवाडे सोसायटीच्या पूर्वेच्या भिंतीपलीकडे राहत. भुसावळला रेल्वेत फिटर म्हणून सगळी उमर काढून निवृत्त झालेले. सोसायटी निघाली तेव्हा त्यांनीही अर्ज केला होता. प्लॉट संपले, असं त्यांना कळवण्यात आलं. त्यानंतर तीन प्लॉट विकले गेले ही गोष्ट वेगळी, आणि पितांबरभाऊंच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची मूर्ती होती ही गोष्टही वेगळी. कमिटीने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नाहीत. पितांबरभाऊंनी वाद घातला नाही. भिंतीला लागूनच एका शेतकऱ्याकडून तुकडा घेतला, घर बांधलं, अंगणात बोअर मारून हापसा बसवला. आता विहीर आटल्यावर अख्खी सोसायटी भिंतीतल्या खिंडारातून वाकून पलीकडे जाऊ लागली, घागरी घेऊन. पितांबरभाऊंची बायको भिकुबाई म्हाताऱ्या माणसांना स्वतः हापसून द्यायची. प्लॉटचा विषय कुणी काढत नसे. तहानेला लाज नसते.

अशा वेळी तोताराम सरांच्या ओट्यावर कमिटीची बैठक बसली. सर शाळामास्तर आणि सोसायटीचे सेक्रेटरी, ठराव वळणदार अक्षरात लिहिणारे. अध्यक्ष होते बन्सीलाल नाना. सहकारी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. सोसायटीचे नियम त्यांना इतके पाठ होते की नियमांचं पुस्तक ते नुसतं मांडीवर ठेवत, उघडत नसत.

"बाहेरचे दोन कंत्राटदार बोलावून पाहिले," नाना म्हणाले. "दोघंही आगाऊ पैसे मागतात. मी म्हणतो, घरात वैद्य असताना गावभर का फिरायचं? आपले वाघुळदे साहेब आहेत ना."

साहेब! जीवरामने घसा खाकरायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"पण काम म्हणजे काम," नाना पुढे म्हणाले. "आपला सभासद असला तरी रीतसर करार करू. पाणी लागलं तर साडेसात हजार. नाही लागलं तर काही नाही."

"आणि बाहेरचा माणूस फसला तर पळून जातो," कुणीतरी म्हणालं. "हे कुठे जाणार? सतरा नंबरला!"

सगळे हसले. जीवरामही हसला, स्टॅम्पपेपरवर सही केली आणि घरी आला. पण ते हसणं काही त्याची पाठ सोडेना.

त्याची बायको कुंदाबाई भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "गावात धंदा करावा, गल्लीत करू नाही. पानी लागलं तं म्हनतीन, त्यात काय, पैसे घेतले. अन् नाही लागलं तं रोज सकायी या लोकायले तोंड दाखवायचं. जलमभर."

"लागीन पानी," जीवराम म्हणाला.

"तुमाले मालूम हाये का कोठी हाये ते?"

जीवराम हात धुवायला मोरीत गेला. उत्तर द्यायचं टाळायला मोरीसारखी जागा नाही.

कारण त्याला मालूम होतं. आठ वर्षांपूर्वी पितांबरभाऊंच्या अंगणात बोअर मारला गेला तेव्हा जीवराम दुसऱ्याच्या मशीनवर मजूर होता आणि गज त्यानेच धरले होते. एकोणसाठ फुटांवर काळ्या खडकाची भेग लागली आणि पाणी उसळलं होतं. त्या भेगेचा उतार पश्चिमेकडे, सरळ सोसायटीच्या विहिरीकडे, पण विहिरीपर्यंत न पोचता मधेच अडलेला. विहीर खोल पासष्ट फूट. तिच्या तळातून पूर्वेला आडवा बोअर मारला तर शंभर फुटांच्या आत तो त्या भेगेला भिडणार. मग पाणी सगळं विहिरीत उतरणार, आणि पितांबरभाऊंचा हापसा कोरडा पडणार. बाहेरचा कंत्राटदार असता तर त्याने हे अजाणता केलं असतं आणि रात्री सुखाने झोपला असता. जीवराम अजाणता करू शकत नव्हता.

म्हणून त्याने पहिला बोअर पश्चिमेला लावला.

तीन दिवसांत एकशे दहा फूट. खडकाचा राखेसारखा कोरडा भुसा. दुसरा उत्तरेला, तोही कोरडा. तिसरा दक्षिणेला लावला तेव्हा सत्तर फुटांवर चिखल थोडा ओलसर झाला, विहिरीच्या कठड्यावरून टाळ्या पडल्या, आणि तासाभरात पुन्हा कोरडा. खरी गंमत कठड्यावरच होती. ज्यांनी आयुष्यात कधी विहिरीत पाय घातला नव्हता ते वरून सल्ले देत होते. "मशीन जरा उजवीकडे घ्या!" आठ दिवस झाले तसे सल्ले संपले आणि टोमणे सुरू झाले. वाघुळदे साहेबांचा पुन्हा बोअरवाला झाला. आता समोरासमोर.

दहाव्या दिवशी विहिरीच्या भिंतीचा एक चिरा सुटला. जीवरामबरोबर धनसिंग नावाचा कामगार होता, चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याचा, सहा वर्षं त्याच्याबरोबर विहिरीत उतरणारा. चिरा त्याच्या खांद्याला घासून खाली पडला. दोन बोटं आत असता तर डोक्यात पडला असता. जीवरामने आपलं उपरणं फाडून त्याचा खांदा बांधला.

धनसिंग भिंतीला टेकून बसला. मग पूर्वेकडे बोट दाखवून म्हणाला, "शेठ, तीन बाजू व्हयन्या. हाई बाजू का बरं नही? पाणी तठेच शे. माले समजस ते तुले समजत नही का?"

जीवरामला मान वर करून त्याच्याकडे बघता येईना. पितांबरभाऊंचा हापसा वाचवायला आपण या माणसाला नको त्या दिशांनी दहा दिवस खडकात घालतो आहोत, हे त्याला पहिल्यांदाच उघड दिसलं. चांगुलपणाची किंमत दुसऱ्याच्या खांद्यावर टाकली होती. त्या दिवशी त्याने मशीन बंद केली, वर आला आणि सरळ नानांकडे गेला. अंघोळसुद्धा केली नाही.

संध्याकाळी बैठक बसली. जीवरामने घसा खाकरला आणि जे होतं ते सांगितलं. पूर्वेला पाणी आहे. शंभर टक्के आहे. पण ते पितांबरभाऊंचं पाणी आहे. हापसा जाईल.

ओट्यावर एकदम सगळे बोलू लागले. कुणी म्हणालं, जमिनीखालचं पाणी कुणाच्या बापाचं नसतं. कुणी म्हणालं, दहा दिवस ही गोष्ट पोटात ठेवली आणि आमच्या बायका घागरी वाहत राहिल्या! तोताराम सर हळूच म्हणाले, "महिनाभर त्यांचंच पाणी पितोय आपण." ते कुणी ऐकलं, कुणी नाही.

"मी पूर्वेला बोअर मारतो," जीवराम म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "पण आधी ठराव करा. हापसा गेला तर सोसायटीच्या टाकीवरून पितांबरभाऊंच्या घरात नळ. कायमचा. लेखी."

"ते सभासद नाहीत," नाना म्हणाले.

"अर्ज तर केला होता, नाना."

नाना वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. स्वतःच्या खिशातून टँकरवाल्याला चहापाणी देणारा माणूस होता तो. पण भिंतीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे त्याच्या डोक्यात एकदा पक्कं झालं की झालं. "मत घेऊ," ते म्हणाले. हात वर झाले. ठरावाच्या बाजूने पाच, त्यात पाचवा जीवरामचा, चिखल लागलेला. विरोधात चार, त्यात नानांचा. नानांनी हात मोजले, मांडीवरच्या पुस्तकावर दोन बोटं वाजवली आणि म्हणाले, "ठीक. लिहा सर."

इतक्या सहज? जीवरामला नवल वाटलं. पण नवल करत बसायला त्याला वेळ नव्हता.

घरी जाताना पावलं आपोआप खिंडाराकडे वळली. पलीकडे पितांबरभाऊ हापशाला तेल घालत होते. आता सांगावं. पण काय सांगावं? अजून बोअर मारला नाही, अजून काही झालं नाही, उगाच म्हाताऱ्याच्या जिवाला घोर. नळ हातात घेऊनच जावं, म्हणजे घाव आणि मलम एकदमच. असं त्याने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजावायला बसला की फार हुशार होतो.

"ये रे जीवराम," पितांबरभाऊंनी हाक मारली. "चिरा पडला म्हने? पोऱ्याले लागलं का जास्त?"

"नाही, खरचटलं फक्त."

"जपत जाय बापा. पानी काय, आज नाही तं उद्या लागीन."

चहा आला. जीवरामने तो बशीत ओतून घाईघाईने प्यायला आणि तोंड भाजून घेतलं.

पूर्वेचा बोअर लावला तेव्हा धनसिंगला त्याने वर बसवलं आणि मशीनवर स्वतः उभा राहिला. पहिल्या दिवशी चाळीस फूट. दुसऱ्या दिवशी सत्तरपर्यंत राखी भुसा, मग काळा. त्याने तो बोटांत चोळला. गार लागला. कठड्यावर आता कुणी बोलत नव्हतं. शहाण्णव फुटांवर मशीनचा आवाज बदलला. गज एकदम सैल झाला, जसा हातातून कुणी ओढावा, आणि दुसऱ्याच क्षणी मागे फेकला गेला. जीवराम बाजूला झाला म्हणून बचावला. भोकातून मनगटाएवढी धार सुटली आणि समोरच्या भिंतीवर आपटली.

वर आरडाओरडा झाला. नारळ फुटला, गुळाचे खडे खाली पडले. गार पाणी जीवरामच्या छातीवर येत होतं आणि त्याला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, झाला. आठव्या दिवसापासून ज्यांनी त्याला टाकून बोलून घेतलं ते सगळे वरून त्याचं नाव घेत होते. बोअरवाला नाही, जीवरामभाऊ. दोराने वर आला तेव्हा नानांनी स्वतः हात दिला आणि त्यांच्या पांढऱ्या बाहीला चिखल लागला तरी त्यांनी तो झटकला नाही.

तिसऱ्या दिवशी पितांबरभाऊंचा हापसा खडखडायला लागला. चौथ्या दिवशी नुसती हवा.

जीवराम खिंडारातून गेला तेव्हा पितांबरभाऊ हापसा उघडून बसले होते. फिटर माणूस. त्यांना वाटत होतं चामड्याचा वायसर गेला. एक बदलला होता, आता दुसरा बदलत होते. "तेवढा पाना दे रे," ते म्हणाले. जीवरामने दिला. "बरं झालं, तुमच्या इहिरीले पानी आलं. नाही तं या बायांनं आता कोठी जावं?" जीवराम उकिडवा बसून राहिला. सांग, सांग, असं आतून कुणी ढोसत होतं. पण उद्या संध्याकाळी बैठक आहे, परवा नळ येईल, एका दिवसाने काय होतं? तो पाना परत घेऊन डब्यात ठेवत राहिला. त्या अर्ध्या तासाची जेवढी लाज त्याला वाटली, तेवढी पुढे दुसऱ्या कशाचीच वाटली नाही.

बैठकीत आधी हारतुरे झाले. नानांनी साडेसात हजारांचा चेक काढून जीवरामसमोर टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "दुसरा विषय. भिंतीबाहेरची नळजोडणी. तो ठराव नियमात बसत नाही."

"म्हणजे?"

नानांनी पहिल्यांदाच पुस्तक उघडलं. "संस्थेकडून मोबदला घेणाऱ्या सभासदाला त्या कामाच्या विषयावर मत देता येत नाही. वाघुळद्यांचं मत वगळलं की चार-चार. समसमान झाली की अध्यक्षाचं जादा मत. माझं विरोधात आहे. ठराव पडला."

तोताराम सरांचं पेन हातातच राहिलं.

"नाना," जीवरामने विचारलं, "हा नियम त्या दिवशी तुम्हाला माहीत नव्हता?"

"नियम मला नेहमीच माहीत असतो," नाना म्हणाले. खाली न बघता म्हणाले, एवढं खरं. "जीवरामभाऊ, मला पितांबरबद्दल काही नाही. पण एक नळ भिंतीबाहेर गेला की दहा जातात. मला छत्तीस घरं बघायची आहेत."

जीवरामने मनात हिशेब केला. अर्ध्या तासाचं काम होतं. खाली उतरायचं, पूर्वेच्या भोकात लाकडाची गुल्ली ठोकायची. पाणी जाईल परत जिथून आलं तिथे, आणि ही छत्तीस घरं पुन्हा घागरी घेऊन खिंडारातून वाकतील. शब्द ओठांवर आले होते. पण त्याला दिसल्या त्या घागरी वाहणाऱ्या बायका, आणि त्यांतली एक कुंदाबाई होती. गुल्ली त्याच्याच्याने ठोकवली नसती.

त्याने टेबलावरचा चेक बघितला. खडक कापणाऱ्या दोन बिटांची धार गेली होती. धनसिंगची बारा दिवसांची मजुरी होती, मशीनच्या मोटारीचं वाइंडिंग भरून घ्यायचं होतं. हे सगळं त्या कागदावर होतं.

"सर," तो म्हणाला, "मोबदला घेणारा, असंच लिहिलंय ना?"

सरांनी नानांच्या मांडीवरचं पुस्तक ओढून घेतलं, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं, आणि वाचलं. "असंच लिहिलंय."

"मग मी घेतला नाही." जीवरामने चेक नानांच्या बाजूला सरकवला. "घेणारही नाही. मी आपल्या सोसायटीचं काम सभासद म्हणून केलं. लिहून घ्या. आणि माझा हात मोजा."

"करारावर तुमची सही आहे," एक जण म्हणाला.

"करारात मला पैसे मागायचा हक्क आहे. घेतलेच पाहिजेत असं कुठे आहे?"

नियमाचा माणूस नियमाच्या कात्रीत सापडला की त्याला पळवाट नसते, कारण त्याला पळायचं नसतं. नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि शेवटी म्हणाले, "पाच विरुद्ध चार. ठराव कायम. लिहा सर."

घरी कुंदाबाईने सगळं ऐकलं. जीवराम तिच्या बोलण्याची वाट बघत होता. बोलणार, आणि बोलायचा तिला हक्कच होता. पण हातातल्या पाटल्या चाचपत ती म्हणाली, "पैशायचं पाहू काहीतरी. माह्या पाटल्या हायेत. पन पितांबरभाऊले कव्हा सांगसान? त्यायनं आज तिसरा वायसर आनला बजारातून."

सकाळी जीवराम ठरावाची नक्कल खिशात घालून गेला. पितांबरभाऊ ओट्यावर बसले होते. हापसा मोकळाच होता, पाने-हत्यारं आवरलेली. ते "ये" म्हणाले, "ये रे" म्हणाले नाहीत.

"पितांबरभाऊ, उद्या तुमच्याकडे सोसायटीचा नळ येतोय. कायमचा. ठराव झालाय."

"मी काल पाइपात दोरी सोडली," पितांबरभाऊ म्हणाले. "धोंडा बांधून. तयाले लागला तव्हा कोरडा वाजला. मंग समजलं, वायसर कायले बदलत बसलो मी." मग त्यांनी विचारलं, "तुले मालूम होतं?"

"होतं."

"पयल्यापासून?"

"पहिल्यापासून."

मग जीवरामने सगळं सांगितलं. तीन कोरडे बोअर, धनसिंगचा खांदा, पहिलं मतदान, नानांचा नियम, चेक. सांगताना त्याला वाटत होतं की एवढं सगळं ऐकल्यावर माणसाचं मन निवळेल. पितांबरभाऊंनी मधे एकदाही तोडलं नाही. चेकचं ऐकून त्यांनी मान हलवली.

"पैसे सोडले, हे तुहं चांगुलपन," ते म्हणाले. "ते मी मानतो. माह्यासाठी आजपावतर कोनं येवढं केलं नाही." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "पन माह्या आंगनातलं पानी, अन् मतं तुमच्या नऊ जनायची. दोनदा मोजली म्हने. मले इचारलं असतं तं मी सोता म्हटलं असतं, मार बोअर, छत्तीस घरं हायेत. मी काय नाही म्हनलो असतो का? महिनाभर कोनाले नाही म्हनलो का?"

"नाही, भाऊ."

"मंग मले इचारायचं तेवढं कोनाच्याच ध्यानात आलं नाही. नानाच्या नाही आलं तं नाही आलं. तू तं रोज माह्या घरी चहा प्याला, जीवराम."

काल रात्री जीवरामला इतक्या पक्क्या वाटलेल्या कारणांतलं इथे ओट्यावर एकही उभं राहीना. आतून भिकुबाईने कपबशांचा आवाज केला आणि तोही थांबला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

त्याने खिशातली ठरावाची नक्कल काढून ओट्यावर ठेवली. पण पितांबरभाऊ 'असू दे' म्हणाले नाहीत.